यंदाची साक्ष

“कुलपापाशी आलीस की जरा थांब, घाई करू नकोस,” पाळकबाईंनी धाकटीच्या कानात सांगितलं आणि तिला हळूच माईककडे ढकललं.

समोर चर्चतर्फे सेवेला निघालेली तरुण मुलंमुली बसली होती. वर्षभर गरीब वस्त्यांत राहून शिकवायचं, आजाऱ्यांची उस्तवार करायची. पायाशी नव्या बॅगा होत्या. त्यांना निरोप देताना दरवर्षी धाकटीची साक्ष ठरलेली, म्हणजे देवाने आपल्याला कसं तारलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. परक्या घरी कामाला ठेवलेली पोर, रात्री तिला स्वयंपाकघरात कोंडून बाहेरून कुलूप, मग मिशनने केलेली सुटका. ज्यांनी रुमाल आणलेला नसे त्यांची फजिती व्हायची. तिला स्वतःला मात्र ती गोष्ट हल्ली दुसऱ्याच कुणाची तरी वाटे.

आता ती या मुलांच्याच वयाची झाली होती. मिशनच्या वसतिगृहाचा सगळा स्वयंपाक तिच्या हातचा. तापाने फणफणलेली लेकरं तिच्याच मांडीवर झोपत. आपणही सेवेला जायचं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती नव्हे. सकाळीच तिने पाळकबाईंना सरळ विचारलं. बाई हसल्या. तू गेलीस तर साक्ष कोण देणार गं, म्हणाल्या आणि मायेने तिची वेणी सारखी केली. बाई वाईट नव्हत्या, हीच पंचाईत होती. भांडायचं तरी कुणाशी?

धाकटीने माईक धरला. पाठ झालेली गोष्ट ओठांवर आली होती, ती तिने गिळली.

“मी आज कुलपाचं सांगणार नाही,” ती म्हणाली. “मला स्वयंपाक येतो. घाबरलेल्या पोराला निजवता येतं. मलाही तुमच्यासारखं सेवेला जायचंय. मला तुमच्याबरोबर न्या.”

मग पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली, आणि धाकटीला वाटलं, झालं, सुटले.

मुलगी टाळ्या वाजवू लागली. पाठोपाठ सगळेच उठले. डोळे पुसत एकेकाने येऊन धाकटीला मिठी मारली, बॅग उचलली आणि बाहेर थांबलेली बस गाठली.

बस गेल्यावर पाळकबाईंनी तिला जवळ घेतलं. बाईंचा पदर ओला झाला होता.

“इतकी सुंदर साक्ष तू आजवर दिली नव्हतीस,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी हीच दे.”