गाणं तुटेपर्यंत

जाळीच्या दाराची कडी खट् करून एकदाच वाजली. भांडी विसळता विसळता लिनेटने मान वर केली. वारा तर नव्हता. कोंबड्या गप्प होत्या आणि कुरणातल्या गाई कुंपणाच्या एका कोपऱ्यात दाटून उभ्या होत्या. ओसरीवरचा रेडिओ तेवढा चालू होता, पण त्याला आवाज म्हणायची त्या घराला सवयच नव्हती.

हात टॉवेलला पुसत ती बाहेर आली. टेकडीवरचं आभाळ हिरवट झालं होतं, जुन्या मुक्या माराच्या डागासारखं.

सासरे, व्हर्जिल, झुलत्या खुर्चीत बसले होते. मांडीवर बॅटरीवरचा रेडिओ, हातात थंड चहाचा पेला. पायाशी तिची पाच वर्षांची मुलगी ओपल मक्याच्या ब्रेडचा चुरा मुंग्यांना घालत होती.

"पपा, तळघरात जाऊ या."

"का गं?"

"आभाळ बघा की."

व्हर्जिलनी आभाळाकडे पाहिलं नाही. रेडिओवर बोट टेकवलं. "गाणं चालू आहे, पोरी."

अलाबामाच्या त्या भागात घरं उचलून नेणारं वादळ आलं की आधी गावच्या रेडिओ स्टेशनवरचा हॉयट चालू गाणं तोडायचा. कडव्याच्या मधेच. मग एकेका रस्त्याचं, एकेका घराचं नाव घ्यायचा. "एटा, गाय राहू दे, तू आधी खाली जा." गावातला वादळाचा भोंगा इथवर पोचत नसे. त्यामुळे लोक आभाळ बघून नाही, गाणं तुटलं की तळघरात उतरायचे. पेंडीच्या दुकानामागच्या शेडमध्ये ते स्टेशन सुरू झालं, तेव्हा टेकडीवर मनोरा उभा करायला दोर ओढणाऱ्यांत व्हर्जिलही होते. शनिवारी ते तिथे फिडल, ते गावठी व्हायोलिन, वाजवायचे. ओपलची आजी त्यांना तिथेच भेटली, गायला आली होती.

गाणं संपलं. एक जाड, हसरा आवाज आला, "हॉयट बोलतोय, मंडळी. बसा निवांत. कुठे जाऊ नका."

"ऐकलंस?" व्हर्जिल म्हणाले.

"पपा, हॉयटकाकांना जानेवारीत पुरलं. तुम्हीच खांदा दिलात."

"मला शिकवतेस? टेपवर आवाज ठेवलाय त्याचा. स्टेशनच्या नव्या मालकांना एवढी तरी अक्कल आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण त्याच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असणारच ना. तो तोडेल."

ओपलच्या वाढदिवसाला लिनेट केकचा तुकडा घेऊन स्टेशनवर गेली होती, पोरीचं नाव रेडिओवर सांगावं म्हणून. सगळ्यांच्या पोरांचं सांगायचे. दाराला साखळी होती. काचेतून पाहिलं तर आत खुर्चीसुद्धा नव्हती. एका पेटीवर हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि गाणी चालू होती. घरी येऊन तिने केक फ्रिजमध्ये ठेवला आणि म्हाताऱ्याला काही बोलली नाही.

"पपा, तिथे कुणी नाहीये. मी बघून आलेय."

व्हर्जिल हसले. "कुणी नाही तर गाणी काय भूत लावतं?"

"मशीन लावतं. लांबून, शहरातून. त्यांना आपला रस्ता कुठे ते माहीतसुद्धा नाही."

"तुझा नवरा म्हणतो ते खरंय. नुसता ढग दिसला तरी तुझी घाबरगुंडी उडते."

लांबून मालगाडीसारखी घरघर येऊ लागली. त्या बाजूला रूळ नव्हते. कोंबड्यांच्या खुराड्याचा पत्रा उचलला गेला आणि परत बसला.

लिनेटने आतून झोपलेलं बाळ उचलून कडेवर घेतलं, ओपलचा दंड धरला. मोकळ्या हाताची बोटं म्हाताऱ्याच्या बाहीत अडकवून ओढलं. "चला. माझ्यासाठी चला. तुमच्या पाया पडते."

"पोरांना घेऊन हो पुढे. आलोच मी. गाणं तुटू दे."

घरामागच्या उतारात खणलेल्या तळघरापर्यंत ती पळाली. ओपलला पायऱ्यांवरून खाली ढकललं, बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, "घट्ट धर," म्हणाली, आणि परत जायला वळली. वाऱ्याने दार तिच्या हातातून हिसकावलं. तिने दोन्ही हातांनी ते धरलं, पायरीला पाय रोवला. सोडलं असतं तर दार उडालं असतं आणि खालची दोघं उघडी पडली असती.

फटीतून ओसरीचा कोपरा दिसत होता. फिडल जोरात वाजत होतं. मनोऱ्याच्या बाजूचं आभाळ काळं झालं, मनोरा दिसेनासा झाला, आणि शब्दाच्या मधेच गाणं तुटलं. नुसती खरखर उरली.

"पपा! आता तरी या!"

व्हर्जिल उठले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, म्हटलं होतं ना, अशा अर्थाने मान हलवली आणि गप्प राहा म्हणून हात वर केला. रेडिओचा आवाज चढवला. मग खुर्चीत पुढे वाकून त्यांनी कान त्या खरखरीला लावला. कुठल्या रस्त्याचं नाव येतंय ते ऐकू लागले.

लिनेटने दार ओढून घेतलं आणि कडीत हात अडकवून लटकली. अंधारात बाळ रडायला लागलं.

"मम्मी," खालून ओपल म्हणाली, "रेडिओत कुणीच नाही, मग आजोबांना कोण सांगणार?"