मनाच्या उलट

"माफी मागायला सांग तिला आणि विषय संपव," सेमीह म्हणाला. "नियमाचं काही बोलू नकोस, अब्ला. एवढं ऐक माझं."

मशिदीच्या अंगणात जर्मनीतलं ऊन पडलं होतं, अंगाला न लागणारं. सेहेरनं चहाचा रिकामा पत्र्याचा डबा छातीशी धरला होता. वादविवाद मंडळातली सगळी पोरं तिला अब्ला म्हणत, थोरल्या बहिणीच्या मानानं.

"नियम सांगितल्याशिवाय हिलाल सुटायची कशी?"

"ताप होता म्हणावं. बोलण्याच्या भरात घसरली म्हणावं."

"म्हणजे खोटं बोलू? मग मंडळ काढलं कशाला आपण? तुझं बरंय रे. तुझं भाषण तुझ्या बाबांनी अख्ख्या डुइसबुर्गला ऐकवलंय. अडकलीय ती. भित्रा कुठला!"

सेमीह काही बोलणार होता. तेवढ्यात आतून हाक आली.

चहाच्या खोलीत मशिदीच्या समितीचे लोक बसले होते. मधोमध अध्यक्ष रेमझी, सेमीहचे वडील; सगळ्या पोरांचे अमजा, म्हणजे काका. तीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस; भुवया तेव्हाच्या जळालेल्या, पुन्हा धड आल्याच नाहीत. त्यांच्या शेजारी हिलालचे वडील जेवदेत, मान खाली घालून. हिलाल भिंतीला टेकून उभी. वय एकोणीस. वेणी विस्कटलेली.

मंडळाच्या मागच्या सभेचा विषय होता, श्रद्धा हवी की नको. कुणीतरी दोन भाषणांचे तुकडे फोनवर टिपले आणि बाहेर सोडले. एकात हिलाल म्हणत होती, "मी सजद्यात डोकं टेकते, तेव्हा पलीकडे कुणी नसतं. नुसती सतरंजी असते." दोन दिवसांत ते घराघरातल्या स्वयंपाकघरात पोचलं.

दुसऱ्यात सेमीह होता. "डोकं टेकलं की कुणीतरी ते अलगद उचलून धरतं," असं त्याचं एक वाक्य होतं. चहाला येईल त्याला रेमझी अमजा ते ऐकवत, आणि दर वेळी तेवढ्यापुरते डोळे मिटून घेत.

आई गेल्यापासून हिलालची वेणी जेवदेत घालायचे. लेथवर राठ झालेल्या बोटांनी, पण केस कधी ओढला गेला नाही. गेले नऊ दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. जेवण करत, तिचं ताट झाकून ठेवत आणि निघून जात.

ते शब्द हिलालच्या मनातले नाहीत, हे सिद्ध झालं तर तिला तिचे बाबा परत मिळणार होते. नाही तर मंडळाच्या खोलीची किल्ली सेहेरकडून समितीकडे जाणार होती, आणि ते दोघं एका छपराखाली परके होऊन राहणार होते. सेहेर नऊ रात्री याच एका गोष्टीनं जागी होती.

"वादविवाद म्हणे!" किराणावाला बेकीर म्हणाला. "आमच्या वेळी बापासमोर खोकायची छाती नव्हती."

"बेकीर, तुझी अजून बायकोसमोर होत नाही," रेमझी अमजा म्हणाले. लोक हसले. "बोल पोरी. घाबरू नकोस."

सेहेर उभी राहिली.

"अमजा, आमचा एक नियम आहे. खोलीतला नियम, बाहेर सांगत नाही. सभेआधी प्रत्येकानं मनातलं खरं काय ते चिठ्ठीवर लिहायचं. बाहेर नाव, आत मन. चिठ्ठी या डब्यात जाते, कुणी वाचत नाही. आणि मग बोलायचं ते मनाच्या उलट. जे पटत नाही त्याची बाजू जीव तोडून मांडायची. त्याशिवाय समोरचा माणूस कळत नाही."

"हे आत्ता रचलंस कशावरून?" बेकीर म्हणाला. "आणि एखादा नियम पाळतो, एखादा नाही पाळत."

"तीन वर्षांत एकानंही मोडलेला नाही. दर वेळी शपथ घेतो आम्ही."

"सगळे?"

"सगळे. कुणालाही सूट नाही."

मागे सेमीह पेले गोळा करत होता. एक पेला बशीवर किणकिणला.

"हिलालनं तिची चिठ्ठी उघडायला परवानगी दिलीय," सेहेर म्हणाली. डब्यातून तिनं एक घडी काढली, वरचं नाव सगळ्यांना दाखवलं आणि ती जेवदेतच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा शोधला. सापडेना. मग चिठ्ठी लांब धरून वाचली. "श्रद्धा हवी. आई गेली तेव्हा बाबांना आणि मला श्रद्धेनंच उभं ठेवलं."

चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवायला जेवदेतना दोनदा प्रयत्न करावा लागला. मग ते उठले आणि लेकीपाशी गेले.

"वेणी कुणी घातली ही?"

"मीच."

"वाकडी आलीय," ते म्हणाले, आणि तिथेच, सगळ्यांदेखत, ती सोडायला लागले.

बेकीरनं नाक शिंकरलं. सेहेर खुर्चीवर बसली. जिंकलो, तिला वाटलं. खरं बोलून जिंकलो. तिनं सेमीहकडे पाहिलं. तो हातात पेले घेऊन दाराशी उभा होता, पांढराफटक.

"किल्ली तुझ्याकडेच राहू दे, पोरी," रेमझी अमजा म्हणाले. "चुकलं आमचं. चहा टाका रे! आणि जरा काही गोड ऐकू या."

सवयीनं त्यांनी फोन काढून मेजावर ठेवला, बोट टेकवलं. सेमीहचा आवाज खोलीत भरून राहिला. "डोकं टेकलं की कुणीतरी ते अलगद उचलून धरतं..."

या वेळी रेमझी अमजांचे डोळे मिटले नाहीत. त्यांनी आवाज बंद केला. उघड्या डब्यात उरलेल्या चिठ्ठ्यांकडे बराच वेळ पाहिलं, मग दाराकडे.

"सेमीह, बाळा," ते हळूच म्हणाले, "तू तर श्रद्धेच्या बाजूनं बोलला होतास."