फुटक्या चोचीचा बगळा

“खोटं आहे, एवढंच लिहून द्या काका,” दोरखंडाच्या कारखान्याची मालकीण म्हणाली आणि तिने पत्र टेबलावर सरकवलं.

शिक्के कोरणाऱ्या काकांनी भिंग डोळ्याला लावलं. पत्रावर लाखेचा ठसा होता. एका पायावर उभा बगळा, चोच टोकाशी फुटलेली. आत एकच ओळ: ‘शनिवारी घरी येतो.’

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा परदेशी गेला म्हणे, तो गेलाच. जाताना शिक्क्याची अंगठी माझ्या हवाली केली, असं तिने साऱ्या बाजाराला सांगितलं होतं. तेव्हापासून कारखान्याचा प्रत्येक करार त्याच ठशाने होत होता.

“दिरांनी तर हे पत्र वाचून भावाची खोलीसुद्धा झाडून घेतली,” ती म्हणाली. “भोळे सांब आहेत. अंगठी माझ्याकडे, मग हा ठसा आला कुठून? हे परत आले तर...” ती अडखळली. “म्हणजे, आले असं लोकांना वाटलं, तर उद्या कुणीही तोतया दारात उभा राहील.”

“द्या ती अंगठी. हातच्या काकणाला आरसा नको, पण शिक्क्याला हवाच. लाखेत उठल्याशिवाय त्याचं खरं तोंड दिसत नाही.”

त्यांनी लाख वितळवून अंगठी दाबली. दोन बगळे शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांची चोच एकाच जागी फुटकी.

“जुळे म्हणावेत, तर जन्मखूणही सारखी!”

ती हसली नाही.

पत्राच्या लाखेत मातीचा कण रुतला होता. तो काकांनी सुईने काढून टाकला आणि व्हर्नियर लावला. पत्रावरचा बगळा चौदा पूर्णांक दोन मिलिमीटर. अंगठीचा तेरा पूर्णांक नऊ. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच.

काकांनी चष्मा काढला. “पूर्वी माणूस गेला की त्याची शिक्क्याची अंगठी फोडून टाकत. त्याच्या नावाने दुसऱ्या कुणी बोलू नये म्हणून. ठसा म्हणजे माणसाचा शब्द.”

“प्रवचन नको, काका. खोटं काय ते सांगा.”

“तुमची अंगठी.”

तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“ठशावरून अंगठी ओतली की धातू थंड होताना आकसतो. नक्कल अस्सलापेक्षा केसभर लहानच निघते. यजमानांनी नक्कल तुमच्याकडे ठेवली आणि अस्सल आपल्याजवळ. पण ताई, रागावू नका, तोंड गोड करा! पत्रावरचा ठसा अस्सल अंगठीचा आहे. लाखही ताजी, आठवड्याच्या आतली. यजमान जिवंत आहेत तुमचे.”

तिने पत्रावरच्या बगळ्यावरून बोट फिरवलं.

“अस्सल अंगठी त्याच्या बोटातून निघतच नव्हती,” ती हळूच म्हणाली. “म्हणून तर पुरण्याआधी त्याचा हात मी मेणात दाबला.”