जुना हब, नवी रिम

गिऱ्हाइकाला चाकाची रिम नवी हवी होती, पण मधला हब जुनाच. "तो तेवढा बदलू नका," त्यानं बजावलं आणि दुकानातल्या बाकावर ऐसपैस बसला.

सायकल मिस्त्रीनं गंजके स्पोक तोडले. वाकडी रिम खणखणत कोपऱ्यात पडली. मग हब रॉकेलात बुडवून त्यानं ब्रशनं घासला. चिखलाचा थर सुटला आणि कडेवर कानशीनं मारलेल्या तीन खाचा दिसल्या.

ब्रश जागीच थांबला. त्या खाचा त्याच्याच हातच्या होत्या. धाकट्या भावाला हे चाक त्यानंच भरून दिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी धाकटा त्या सायकलीसकट नाहीसा झाला. पोलिसांनी महिनाभर शोधलं, मग हात टेकले. आई मात्र अजून रात्री दाराला कडी लावू देत नसे.

मिस्त्रीनं मान वर केली नाही. हबच्या भोकांतून तो एकेक स्पोक ओवू लागला, एक आतून, एक बाहेरून. छत्तीस स्पोकचं चाक तो डोळे मिटून भरायचा. आज दोनदा चुकला, दोनदा सगळं उसवलं.

"सायकल बरीच जुनी दिसते," तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला.

"सायकल नाही, चाकच जुनं आहे."

"कुठनं आणलंत?"

"मिळालं," गिऱ्हाईक म्हणालं आणि रस्त्याकडे बघू लागलं.

तेवढ्यात मिस्त्रीची बायको चहा घेऊन आली. तिची नजर हबवरच्या खाचांवर गेली आणि बशीत चहा सांडला. तिनं नवऱ्याला डोळ्यांनीच आत बोलावलं.

"अहो, तो भावजींचा हब आहे." दिराचं नाव निघालं की तिचा आवाज अजूनही ओला व्हायचा.

"बघितलं मी."

मग हातावर हात धरून काय बसलात, असं तिनं विचारलं. तुम्ही त्याला बोलण्यात गुंतवा, मी मागल्या दारानं चौकीवर जाते, म्हणाली. मिस्त्रीनं तिचं मनगट धरलं. नुसत्या हबवरून काय सिद्ध होणार? आधी त्याच्या तोंडून काढू दे, नाहीतर पाखरू उडून जाईल, असं त्यानं तिला समजावलं. ती थांबली, पण चपला पायात घालूनच पडद्याआड उभी राहिली.

मिस्त्रीनं चाक स्टँडवर चढवलं आणि हलकेच फिरवून त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढू लागला. इथे स्पोकचं एक निपल आवळ, तिथे एक सैल कर. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"असे हब हल्ली बघायलाही मिळत नाहीत," तो म्हणाला. "आणखी असतील तर मी घेईन."

गिऱ्हाइकानं त्याला नीट न्याहाळलं. मग बाक पुढे ओढून आवाज खाली आणला.

"बाहेर बोलायचं नाही. मालकाला न विचारता उचललंय. मी मुकादम आहे, जुन्या खाणीतलं पाणी उपसायचं काम चालू आहे. काल कडेच्या गाळात हे सापडलं."

"नुसतं चाकच?"

"अजून तरी. तळ उद्या लागेल."

चाक सरळ फिरू लागलं होतं. मुकादमानं ते खांद्याला अडकवलं आणि तो निघून गेला.

बायको बाहेर आली ती रडतच. भावजींना कुणीतरी पाण्यात ढकललं असणार, आता तो ढकलणारा मेला कुठेही लपला तरी सुटत नाही, असं म्हणत ती तडक चौकीची वाट चालू लागली. या वेळी मिस्त्रीनं तिला अडवलं नाही.

तो रिकाम्या स्टँडकडे बघत बसून राहिला. चाक सुटलं कसं, हे काही केल्या त्याला उमगेना. धाकट्याला सायकलीशी बांधून खाणीत सोडण्याआधी दोन्ही चाकांचे नट त्यानं स्वतःच्या हातांनी आवळले होते.