पुठ्ठ्यावरचा कॉम्प्युटर

टक्, टक्, टक्. दुपारच्या सामसुमीत स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागला, तशी शलाका डोळे चोळत आत आली. तिची आई, सुहासिनी, ओट्यापाशी उभी राहून पुठ्ठ्यावर बोटं आपटत होती. सहार विमानतळावर ती विमानांच्या वेळा फळ्यावर खडूने लिहायची. आता तिथे कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यापुढे कोण बसणार, हे उद्याच्या परीक्षेत ठरायचं होतं. म्हणून त्याची सगळी बटणं तिने साडीच्या खोक्याच्या झाकणावर जशीच्या तशी काढली होती.

"उठलीस? बरं झालं. हा कागद घे आणि वाच भराभरा!"

शलाका विमानांचे नंबर आणि वेळा वाचत गेली, आणि सुहासिनीची बोटं पुठ्ठ्यावर धावत सुटली.

"झाली वीस विमानं! घड्याळ बघ, किती मिनिटं?"

"चार."

"चार? अगं, काल नऊ लागली होती! आणि एक चूक नाही! उद्या ऑफिसातल्या त्या मार्तंडची वाट लागली बघ!" तिने लेकीला उचलून गरकन फिरवलं.

शलाका तिच्या खांद्यावरून पुठ्ठ्याकडे बघत होती.

"पण आई, यावर तर काहीच उमटत नाही. मग चूक झाली नाही, हे तुला कसं कळलं?"