भुयाराचा द्वारपाल

शेवटच्या रविवारीही बाबांनी नदीवरच्या बालाजी घाटाखालच्या भुयाराचा नकाशा उलगडला. आमच्या खेळात गोष्ट ते रचायचे, नायिका मी, वार लागला का ते फासा ठरवायचा. दाराशी पुन्हा तोच म्हातारा द्वारपाल आडवा आला. मी तलवार चालवली, सहा पडले, वार लागला. "हम तलवार से ना हटब, बिटिया," बाबा त्याच्या घोगऱ्या आवाजात, घाटावरच्या बोलीत म्हणाले. "बाबा, तीन महिने झाले! हा मरत का नाही?" "अगं, सोपा आहे तो." मंगळवारी मी बँकेत कामावर असताना फोन आला, वर्गात शिकवता शिकवता बाबा गेले. तेराव्यानंतर त्यांची खेळाची वही उघडली. प्रत्येक पात्रापुढे त्याला जिंकायचा उपाय होता. द्वारपालापुढे लिहिलं होतं: "शस्त्राने हरत नाही. विचारपूस केली, की बाजूला होतो." मला हसू आलं. खेळताना ते बसायचे त्या रिकाम्या चटईकडे वळून मी मोठ्याने विचारलं, "बाबा, कसे आहात?"