पाठ असलेली खुर्ची

सप्टेंबरचा पहिला शनिवार. दक्षिण कॅरोलिनातील एका कॉलेजचे फुटबॉल स्टेडियम. प्रेक्षकांचा गवताळ उतार काढून तेथे खुर्च्या बसवाव्यात, म्हणून व्हर्नन समितीशी सात वर्षे भांडला होता. पत्नी लोरीनला गुडघ्यांमुळे उतारावर बसवत नव्हते. आज ती प्रथमच खुर्चीत बसली. मांडीवर उकडलेल्या शेंगांची भली मोठी पिशवी होती.

“एवढ्या कशाला आणल्यास?”

“दरवेळी सगळ्यांना पुरतात तेवढ्याच आणल्यात.”

तीस वर्षे ज्यांच्या सतरंजीला सतरंजी भिडवून ती बसली, त्यांपैकी एकालाही खुर्चीचे तिकीट परवडले नव्हते. लोरीनने दोन्ही बाजूंची अनोळखी माणसे पाहिली आणि पिशवीचे तोंड बांधले.

“तुझंच बरोबर होतं, व्हर्नन. गुडघे अजिबात दुखत नाहीत. चल, घरी जाऊ.”